मामंजींची खुर्ची उन्हात ठेवली त्याची हकीकत

बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया,
रविवार

ती. वन्सं यांना विमलचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत ते मात्र खरं खरं कळवा (मागच्या पत्रात 'ठीक' लिहिलं होतंत, पण अक्षर कण्हत होतं). तुमचं पत्र मिळालं. पाकिटाचा एक कोपरा उघडून पुन्हा चिकटवल्यासारखा दिसत होता. इथला पोस्टमन फार हसतमुख आहे, त्यामुळे माझा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा आहे. तुम्ही लिहिलंत की हे गेल्यापासून मामंजींची आरामखुर्ची परदेशात धूळ खात पडली असेल, तर हेरंब नाताळात येईल तेव्हा त्याने ती सुटी करून कराडला तुमच्याकडे आणावी. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'विकली तर नाहीस ना?' वन्सं, ह्याचा मला राग आलेला नाही. संशय घेणारं माणूस मला कळतं. खुर्ची मी विकलेली नाही. पण ती आत्ता माझ्या घरातही नाही, आणि ते कसं झालं हे पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो हे मी मागेच कळवलं होतं (तुम्ही विश्वास ठेवला नव्हतात). आमच्या घराचं तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन सगळं पुढच्या दारी. मागच्या अंगणात शेवाळं. आता झालं असं की हेरंबचा एक मित्र डार्विनहून आला होता, तो मी थांबवायच्या आत त्या खुर्चीत जाऊन बसला आणि बोलता बोलता सारखी मान खाजवत राहिला. मला तिथेच शंका आली. तो गेल्यावर मी वेताच्या फटीफटीत सुई घालून पाहिली, काही सापडलं नाही. पण ढेकूण असे सहजासहजी सापडायला थोडेच बसलेले असतात. म्हणून मी खुर्ची ओढत ओढत बाहेर नेली आणि रस्त्याकडेच्या गवतावर, जिथे ऊन सगळ्यात जास्त टिकतं, तिथे ठेवली.

वर्षातून एकदा इथे लोक घरातलं नको असलेलं सामान त्याच गवतावर मांडतात. नगरपालिकेची गाडी येऊन ते उचलते, पण त्याआधी ज्याला जे आवडेल ते त्याने न विचारता न्यावं अशी रीत आहे. विचारलं तर उलट दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी दरवर्षी पडद्याआडून बघते की कोण काय टाकतं आणि कोण काय उचलतं (चालू स्थितीतला मिक्सर जो टाकतो त्याच्या घरात काहीतरी शिजतंय हे नक्की). पण आमच्या गल्लीचा आठवडा पुढचा, अशी माझी पक्की समजूत होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेले, बाहेर येऊन पाहते तर गवतात चार पायांचे चार खळगे, आणि खुर्ची नाही.

हेरंबला फोन केला तर तो हसायला लागला. म्हणाला, "आई, बाहेर ठेवली म्हणजे दिली. आता कुणाकडे मागायला जाऊ नकोस."

"दिली नव्हती, उन्हात ठेवली होती."

"तसं खुर्चीला सांगून ठेवलं होतंस का?" हा तुमचा भाचा. बापाची खुर्ची गेली आणि त्याला विनोद सुचतो.

माझा संशय सरळ शेजारच्या ग्लेनवर. एक तर त्याच्याकडे सामान वाहायची गाडी आहे, आणि दुसरं म्हणजे तो कित्येक वर्षं आमच्या दारापुढचं गवत न सांगता, न मागता कापून देतो. उगाच कोण कुणाचं गवत कापतं? तो हद्द सरकवतोय हे मी ह्यांना अनेकदा म्हटलं होतं. पण तोंडावर चोर कसं म्हणणार, म्हणून मी चकल्या तळल्या. बशीत चकल्या घेऊन दारात उभं राहिलं की माणूस आत बोलावतो, आणि आत गेलं की डोळे मोकळे असतात. ग्लेनने मला गॅरेजपासून माळ्यापर्यंत घर दाखवलं ("ये ना विम, लाजतेस काय." इथे मला विम म्हणतात, भांडी घासायची पावडर असल्यासारखं). खुर्ची नव्हती. येताना त्याने त्याच बशीत स्वतः पकडलेला मासा घातला. तशीच मी पुढे दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी, अशी अख्खी गल्ली धुंडाळली. एकही बशी रिकामी परत आली नाही. कुणी लिंबं घातली, कुणी जर्दाळूचा मुरंबा. भांडं रिकामं परत करू नये हे फक्त आपल्याकडेच कळतं असं मला वाटत होतं. एकीने तर सांगितलं की गल्लीला इतकी वर्षं वाटायचं, ही पडद्यामागची बाई आपल्याला नावं ठेवते. (ठेवतच होते. पण त्यांना कळलं कसं?)

शेवटी उरली समोरची डोरीन. ऐंशीच्या पुढची, एकटी. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि खिडकीपाशी मामंजींची खुर्ची. तिच्यावर फुलाफुलांची उशी. वन्सं, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण डोरीन त्या खुर्चीच्या रुंद हातांवर तळवे रोवून कुणाच्या मदतीशिवाय उभी राहिली आणि म्हणाली, "बघितलंस? सोफ्यातून उठायला मला शेजाऱ्याला फोन करावा लागायचा. ग्लेनने ही रस्त्यावरून उचलून आणून दिली." (म्हणजे ग्लेनच. पण कुणासाठी, ते मी धरलं नव्हतं.) मग चकली चहात बुडवत म्हणाली, "कोण बाई असेल ती? इतकी सुंदर खुर्ची टाकवली तरी कशी. बसून बसून कंटाळली असेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ती त्यात कधी बसलीच नव्हती."

आणि खरंच नव्हते बसले. मामंजी असताना ती त्यांची होती, मग ह्यांची झाली. मी तिचा वेत पुसला, तिच्या हातावर चहा ठेवला. हे गेल्यावरही मी तिच्या बाजूला पाटावर बसून भाजी निवडायचे, खुर्चीत कोणी नसताना. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. डोरीनने माझ्याकडे नीट निरखून बघितलं (फार हुशार बाई आहे, सावध राहायला हवं). मग तिने उशी थोपटली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसली. "तर मग तिला सांग, आता बस म्हणावं."

मी बसले. पाठीला बरं वाटलं, आणि रडूही आलं. त्या दिवसापासून रोज दुपारी जाते. अर्धा वेळ ती बसते, अर्धा वेळ मी, आणि दोघी मिळून पडद्याआडून गल्ली बघतो.

सर्वांना यथायोग्य.

तुमची,
विमल

ता. क. खुर्ची हेरंबबरोबर येणार नाही. तुम्हाला माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा.

ता. क. २. डोरीनने भिंग लावून बघितली, खुर्चीत ढेकूण नाहीत. तुम्ही पाठवलेली गोधडी मात्र मी बाहेर घातली आहे. मागच्या अंगणात, कारण पुढे मी आता काहीही ठेवत नाही.

ता. क. ३. मामंजींच्या तेराव्याला तुम्ही त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तासभर उभ्या होतात. घरात सगळे बसले होते, खुर्ची रिकामी होती, आणि तुम्ही बसला नाहीत. मी स्वयंपाकघरातून बघत होते. म्हणून विचारते, तुम्हाला खुर्ची हवी आहे की तीत बसायचं आहे? बसायचं असेल तर परतताना हेरंबबरोबर तुम्हीच या. गुडघ्यांना तिचे हात बरे पडतील. डोरीनला सांगून ठेवलं आहे. तुम्ही आलात की ती उठेन म्हणाली आहे, आणि तिच्या शब्दावर माझा विश्वास आहे.