माझ्या काळ्या भिंतीची सुधारणा

चि. ठोंब्यास थोरल्या ताईचे आशीर्वाद. (तुझ्या रंगाच्या दुकानावर तुझं छापील नाव लागलं, तू सासरा झालास, तरी माझ्या पत्रात तुझं नाव हेच राहणार. तक्रार होती तर आईकडे करायचीस; ती वेळ गेली.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडी बंद सांगितली होती, ती तू खरोखर बंद केलीस की फक्त भावजयीसमोर? तिच्या खोकल्याचं काय झालं तेही कळव. मी ठणठणीत आहे. रक्तदाब थोडा वाढला आहे, पण त्याचं कारण शरीरात नसून कॉलेजात आहे, आणि तेच सांगायला हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर तू दर वाक्याला 'बरं बरं' करतोस आणि मागे तुझी गिऱ्हाइकं चालू असतात.

तळमजल्यावरची माझी खोली तुला आठवत असेलच, कारण तिची लांब भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत तूच काळी रंगवली होतीस. पूर्वी ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, म्हणून तिथली फरशी कोपऱ्यातल्या मोरीकडे उतरती आहे. हे लक्षात ठेव, पुढे लागेल. त्या खोलीत मी इतकी वर्षं सकाळी, नेहमीचे तास सुरू होण्याआधी, गणितात नापास झालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आले. पद्धत साधी. प्रत्येकाला भिंतीचा हातभर तुकडा, सगळ्यांना एकच गणित. चूक पुसायची नाही. तिच्याखाली रेघ मारून पुन्हा लिहायचं. मी मध्ये उभी राहिले की सगळ्यांच्या चुका मला एकदम दिसत. कोण कुठे घसरला, कोण शेजाऱ्याचं बघून घसरला, कोण चुकीच्या वाटेने बरोबर उत्तराला जाऊन पोचला, सगळं. मुलं वैतागत. दरवर्षी अभिप्रायात लिहीत की मॅडम सर्वांसमोर चूक दाखवतात. दाखवते. चूक म्हणजे काय गळू आहे, झाकून ठेवायला? पण बरीचशी मुलं पास होत. (सगळी नाही. सगळी पास होतात म्हणणाऱ्या शिक्षकावर विश्वास ठेवू नये.)

गेल्या वर्षी तुझा रंग टवके टाकायला लागला. एवढंच झालं होतं. मी तुला सांगायच्या ऐवजी शिक्षक-खोलीत बोलले, आणि ते आमच्या 'उद्दिष्टे सरां'नी ऐकलं. (गुणवत्ता कक्षाचे प्रमुख. चहा मागवतानाही आधी उद्दिष्ट सांगतात.) ते म्हणाले, अहो मॅडम, विद्यापीठ अध्यापन-अध्ययन सुधारण्यासाठी अनुदान देतंय, अर्ज करा. मी अर्ध्या पानाचा अर्ज केला: भिंतीला रंग, खडू, दोन ओली फडकी. तो परत आला. मागणी फार लहान आहे, इतक्या थोडक्यात सुधारणा होत नाही, असा शेरा होता. मग उद्दिष्टे सरांनी तो स्वतः लिहिला. त्यात 'बहुदृश्य सहभागी अध्ययनपृष्ठ' असा शब्द होता. ती माझी भिंत आहे हे मला तिसऱ्या वाचनाला समजलं. अनुदान मंजूर झालं. माझं अभिनंदन झालं, आणि मी मूर्खासारखी हसले.

सुट्टीत माणसं आली आणि त्यांनी भिंत पांढरी केली. मोठ्या पडद्याला मागे पांढरं लागतं म्हणे. मी रुजू झाले तेव्हा खोलीला दवाखान्याची कळा आली होती. बाकं गेली होती आणि त्यांच्या जागी चाकांची षटकोनी टेबलं, चाकांच्या खुर्च्यांसकट. कारण एकाच जागी बसलं की विचार खुंटतो, असं कुणीतरी सिद्ध केलंय. आता ती उतरती फरशी आठव. पहिल्याच तासाला मी वर्गसमीकरण सुरू केलं, आणि ते संपेपर्यंत अख्खा वर्ग टेबलांसकट हळूहळू मोरीच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. मुलांना मी परत वर ढकललं, ती परत खाली आली. चाकांना अडसर नव्हते. अडसर दुसऱ्या वर्षाच्या अनुदानात बसतात. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची पाहणी समिती आली, तीन माणसं आणि एक छायाचित्रकार. त्यांच्या डोळ्यांदेखत वर्ग मोरीकडे निघाला. मला वाटलं, आता तरी कळेल. समितीने शेरा लिहिला, 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे एकत्र येतात.' समितीचे अध्यक्षही एका चाकाच्या खुर्चीवर बसले होते. लिहितालिहिता तेही एकत्र आले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, ठोंब्या. पण पडद्याचं हसण्यावारी नेता येत नाही. त्यावर प्रत्येक मुलाने आपापल्या छोट्या पाटीवरून (टॅबलेट म्हणतात तिला) फक्त उत्तर पाठवायचं. वाट दिसत नाही, उत्तर दिसतं. बरोबर आलं की फूल उमलतं. चुकलं की पडदा म्हणतो, 'छान प्रयत्न!' आणि पुढचं गणित देतो. माझ्या वर्गात एक शिंप्याची मुलगी आहे. हुशार आहे, पण कंसाआधी वजा आला की ती कंस सोडवताना आतलं पहिलंच चिन्ह बदलते, बाकीची तशीच ठेवते. एवढी एकच खोड. काळ्या भिंतीवर ती मला पहिल्या दिवशी दिसली असती आणि आठवड्यात गेली असती. पडद्यावर वर्षभर दिसली नाही. मी पाटीत डोकावायला गेले की तोवर पुढचं गणित आलेलं असे, किंवा टेबलच निघून गेलेलं असे. वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. निकालाच्या दिवशी माझ्यासमोर उभी राहून रडलीसुद्धा नाही, नुसती गोंधळून म्हणाली, "मॅडम, पण मला तर ते कायम छान म्हणत होतं."

मी तिची उत्तरपत्रिका मागवून घेतली, तेव्हा कुठे ती वजा-कंसाची खोड मला दिसली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

आता पुढच्या महिन्यात तिची फेरपरीक्षा आहे आणि ती शेवटची. नापास झाली तर कॉलेज संपलं. तिच्या वडिलांनी दुकानात दुसरं मशीन आणून ठेवलंय, तेलपाणी करून. वाईट माणूस नाही. म्हणतात, शिकली तर शिकू दे, नाहीतर हात तरी चालू राहील. त्यांच्या हिशेबात दोन्हीकडून सोय आहे. तिच्या हिशेबात नाही. तिच्या डोळ्यांत मशीनबद्दल जे दिसतं ते मी लिहीत नाही. आणि विद्यापीठाचं म्हणशील तर आमचा प्रयोग यशस्वी आहे. मुलांनी भरून दिलेल्या अभिप्रायात या वर्षी एकही तक्रार नाही. सगळे 'पूर्ण समाधानी'. त्यात तीही आहे. का नसणार? वर्षभर तिला कुणी चूक दाखवली नाही. मला मोठ्या सभागृहात बोलावून काचेचं एक मानचिन्ह दिलं आणि इतर कॉलेजांच्या शिक्षकांना या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला लावले. (दोनच सांगितले: फरशी तपासा. टाळ्या पडल्या. त्यांना ते रूपक वाटलं.)

मी प्राचार्यांकडे जाऊन म्हणाले, एक भिंत परत काळी करून द्या. ते म्हणाले, भिंत इमारतीच्या खात्यात येते, मॅडम, अनुदान अध्यापनाच्या खात्यात, आणि सगळ्या इमारतीला एकच रंग ठरलाय. मी म्हणाले, मग दुसऱ्या खोलीची द्या. ते म्हणाले, तुमची खोली तर आपली शान आहे. पुढे मी बोलले ते तुला कळून उपयोग नाही, तू मुलासुनेसमोर पत्र वाचतोस.

असो. काम सोडून वाचायला लावलं. भावजयीला काळजी घ्यायला सांग, आणि तू जिना चढताना कठडा धर.

तुझी,
ताई

ता. क. वर गुडघ्याची चौकशी केली ती मनापासून होती, पण नुसती नव्हती. तुझ्या दुकानामागचं गोदाम मला हवं आहे. डावीकडची लांब भिंत. तिला लावून रचलेले डबे उजवीकडे हलव, अर्धे तर तुझ्याकडून कधी विकले जाणारच नाहीत. भिंत काळी करून दे, पूर्वीसारखी, खडू नीट उठेल अशी. शिडीवर तू चढू नकोस, जावयाला चढव. सोमवारपासून मुलं सकाळी सातला येतील. फरशी सपाट आहे ना, तेवढं पाणी ओतून बघ.

ता. क. २. तू विचारशील, अनुदान परत का करत नाहीस. आज सकाळीच दुसऱ्या वर्षाच्या अर्जावर सही केली. त्या अनुदानावर एक तरुण बाई माझ्या हाताखाली नेमली आहे; उत्तम शिकवते, तिचा नवरा घरी बसून आहे, मूल लहान आहे. मी सही केली नसती तर पहिली ती गेली असती, पडदा नाही. तेव्हा अहवालात मीच लिहिलं आहे की प्रयोग यशस्वी. हे पत्र वाचून झालं की फाड. ती बाईही सोमवारी गोदामात येणार आहे, तिच्यासाठी चाकं नसलेली एक खुर्ची ठेव.

ता. क. ३. शिंप्याच्या मुलीला सांगितलं. तिने विचारलं, मॅडम, तिकडे पण ते 'छान प्रयत्न' आहे का? म्हटलं, नाही, तिकडे चुकलं की सगळ्यांसमोर कळणार, आणि मी ओरडणार. मग म्हणाली, "सातला ना? मी साडेसहाला येते."

तेव्हा रंग शनिवारीच लाव. रविवारभर वाळू दे.