एक परस म्हणजे किती

२३ नोव्हें. ६९. गाव
बालाघाटहून हट्ट्यापर्यंत बस, पुढे भाड्याची सायकल. पोचेपर्यंत डोक्यापासून पायापर्यंत धूळ. माय म्हणाली, "विद्यापीठात अंघोळ नाई का रे?"

जेवण झाल्यावर बाबांनी मला माळ्यावरचा डालड्याचा डबा काढायला सांगितला. एरवी त्या डब्याला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आत मायच्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी, तिला एकवीस गाठी, दर गाठीत एक खडा.

मी पाच-सहा वर्षांचा असताना बालाघाटच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका शेठने मँगनीजच्या आशेने खड्डा खोदवला होता. खोदणाऱ्यांचे मुख्य बाबा. मँगनीजचा एक काळा पट्टा लागला, तोही हातभर. शेठ निराश, खड्डा बुजवला. पण बाबांची विहिरीची सवय, खोलीच्या दर परसाला एक खडा बाजूला ठेवायचा. म्हणजे मालक मागून भांडायला लागला की इथे मुरूम होता, इथे काळा फत्तर होता, असं समोर ठेवता येतं.

एकवीस परस, एकवीस खडे. मला हेच हवं होतं. प्रबंधाचे माझे सर गेले सहा महिने ऐकवताहेत, "काग़ज़ पर बहुत पृथ्वी बना ली। अब कुछ नापकर लाओ।"

२४ नोव्हें.
सकाळी ओट्यावर बाबांनी विचारलं, "तू नेमकं काय करून राह्यला तिकडं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. सांगितलं, जमिनीच्या पोटात युरेनियम, थोरियम नावाचे धातू थोडेथोडे सगळीकडे आहेत. ते आपोआप मोडत असतात, त्यांच्यातून न्यूट्रिनो नावाचा कण निघतो (खरं तर प्रति-न्यूट्रिनो, पण ओट्यावर एवढं पुरे). अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला असे लाखो जातात. कोणाला पकडता येत नाहीत. म्हणून दगडात धातू किती ते मोजायचं आणि कण किती निघत असतील याचा हिशेब मांडायचा.

"आपल्या घरातून बी जाते?"
"हौ."
"पाटलाच्या बी?"
"सगळ्यांच्याच. कुठं अडत नाई."
"कोन्या घरचा आहे ते इचारत नाई?"
"नाई."
"मंग बरं आहे," म्हणाले आणि बिडी पेटवली. पटलं असावं. सरांना समजवायला मला जास्त वेळ लागला होता.

२ डिसें. होस्टेल
शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या जोशीने माझा खड्यांच्या खोलीचा तक्ता पाहिला. "परस म्हणजे मागचं अंगण ना रे? एकवीस अंगणं खोल?" खो खो हसला. त्याला सांगितलं, परस म्हणजे पुरुष, माणसाच्या मापाने खोली. आमच्याकडे विहीर फुटात कोणी सांगत नाही.

माणूस म्हणजे सहा फूट. १ परस = ६ फूट धरून सगळा रकाना भरला. दुपारचं काम.

खडे फोडायला जीवावर आलं. पूड केल्याशिवाय किरणोत्सर्ग टिपणारा काउंटर नीट मोजत नाही. शेवटी प्रत्येक अर्धा फोडला, अर्धा परत गाठीत बांधला.

१९ जाने. ७०
काउंटरभोवती शिशाच्या विटा रचल्यात. एकेका पुडीला दोन-दोन दिवस. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आज खडा १७. वर थोरियम कमी, खाली वाढत जातं. आलेख इतका देखणा येतोय की भीती वाटते.

पुडी ठेवली की नुसतं बसायचं. बसलो की घरची विहीर आठवते. बाबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात मोहल्ल्यात विहीर खोदायला घेतली. त्याआधी त्यांनी पंचक्रोशीत किती विहिरी खोदल्या, देव जाणे. (देव म्हटलं तर रागावतील.) पाणी लागलं की पूजा व्हायची, मालकाच्या नावाचा दगड बसायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांनी दोराला हात लावायचा नाही. माय घागर घेऊन नाल्यावर.

आमच्या विहिरीच्या काठावर मी पालथा पडून आत बघायचो. खालून बाबांचा आवाज यायचा, "परस झाला रे!" मग सब्बलने, म्हणजे पहारीने, भिंतीत भोक पाडून खुंटी ठोकायचे, तिथून पुढचा परस. नवव्या परसाला पाणी लागलं. बाबा खाली घोटाभर पाण्यात उभे राहून वर बघून हसत होते. ते हसू मी नंतर पाहिलं नाही. मी एम्.एस्सी. झालो तेव्हाही नाही.

११ फेब्रु.
घात झाला.

सरांनी कुठूनसा त्याच डोंगराजवळच्या एका बोअरचा कागद मिळवला. आमच्या खड्ड्यापासून वीस पावलांवर, फुटाफुटाने मोजलेला. त्यात काळा पट्टा ९७ फुटांवर. आमचा काळा खडा चौदावा. चौदा सक चौऱ्याऐंशी.

"तेरह फुट का फ़र्क़! पत्थर आगे-पीछे हो गए हैं। यह चैप्टर हटा दो।"

प्रकरण ४ काढलं तर प्रबंधात माझ्या हाताने मोजलेलं काय उरतं? दुसऱ्यांचे आकडे आणि माझं व्याकरण. सर जुलैपर्यंत थांबतील, पुढे नाही.

८ मार्च. गाव
आज मी फार वाईट बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर साळसूदपणा करता येणार नाही.

आधी मायला विचारलं, पट्टी कधी धुतली होती का. "एकदा धुतली असन. वास येत होता." झालं! मी बाबांसमोर पट्टी आपटली. "गाठी सोडल्या, उलटसुलट बांधल्या, आणि मला सांगता क्रम बरोबर आहे?"

"मीच सोडल्या, मीच बांधल्या. सबन खडे वळखतो मी."
"वीस वर्षांनी? एकवीस दगड?"
"तू तुह्या पुस्तकातले अक्षरं वळखत नाई का?"

आणि मी म्हणालो, "बाबा, हे विहिरीचं काम नाही. इथे अंदाज चालत नाही."

बाबा उठले, सदरा घालायला गेले. माय मागून बाही चढवून देत होती. मला वाटलं, रागाने हात आखडले.

९ मार्च
सकाळची बस. दर वेळी बाबा सायकलबरोबर फाट्यापर्यंत चालत येतात. आज ओट्यावरून उठले नाहीत.

३ मे. गाव
सुट्टी लागली. सरांना ३१ जुलैचा शब्द दिलाय, प्र. ४ सकट किंवा त्याच्याशिवाय. घरी येण्याचं तोंड नव्हतं. मायने बोलावून घेतलं, "बाप आजारी नाई, पण ये."

बाबांनी 'आला का' एवढंच विचारलं. मी वह्या काढून बसलो. माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, "एवढं कायचं जुळत नाई तुह्यं?" सांगितलं, चौदा परस, सहा फुटाने चौऱ्याऐंशी, पाहिजेत सत्त्याण्णव.

"सहा फूट काहून?"
"माणूस सहा फुटाचा धरतात."
माय सूप ठेवून हसायला लागली. "आपल्या घरात सहा फुटाचा मानूस कोन आहे रे बाप्पा? तुह्या बापाचं नाव लहानू काहून ठेवलं?"

मग परस सहाहून कमी भरेल, आणखीच बिघडेल, असं मी म्हणतोय तोवर बाजेवरून बाबा बोलले. 'आला का' सोडलं तर दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी. "परस डोक्यालोक नाई मोजत. हात वर करून मोजते. बोटाच्या टोकालोक."

मी या घरात जन्मलो. काठावर पालथा पडून शंभरदा ऐकलं, "परस झाला रे". वरून बाबांचं फक्त डोकं दिसायचं. ते हात वर करतात हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मी त्यांना अंदाज शिकवला!

टेप घेऊन त्यांना भिंतीशी उभं केलं. डावा हात कानापर्यंत गेला. उजवा तेवढाही नाही. पाठीत बाक. "थांब, जाते," म्हणत पुन्हा जोर लावला, ओठ पांढरे पडले. मी टेप गुंडाळून टाकली. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही खांदे असेच आहेत. म्हणून डबा मला काढायला लावला. म्हणून माय बाही चढवत होती. अडीच हात अंतरावर उभा राहून मला दिसलं नाही, आणि मी पृथ्वीच्या पोटातलं मोजायला निघालोय.

४ मे
बाबांचा परस आता बाबांजवळ नाही. मग कुठे आहे?

दुपारी मायने पाणी आणायला पिटाळलं. बादली सोडली, दोर सरसर गेला, आणि मी वेड्यासारखा तसाच घरात पळालो. "बाबा, आपली विहीर बरोबर नऊ परस?"
"नऊ. ना कमी ना जास्त. पन आता गाळ आहे."

दोर अजून विहिरीत आहे म्हणून माय ओरडते आहे.

११ मे
मोहल्ल्यातले आठ जण, पाच दिवस. गाळ तीन वर्षांचा काढायचाच होता, सगळे खुशीने आले. बाबांची बाज काठाशी. तिथून हुकूम. अंगात वारं शिरल्यासारखे दिसत होते. कोणीतरी हट्ट्याच्या बावडीचं कौतुक केलं, तर म्हणाले, "पायऱ्या उतरून पानी प्यायचं, थे काय इहिर झाली?" लहानपणीचे बाबा पाच दिवस परत मिळाले.

आज तळ उघडा पडला. टेप सोडली, ६४ फूट. नवाने भागलं तर परस सात फुटांच्या वर, चौदा परस शंभराला टेकतात. बाजेवरून आवाज, "कठड्यापासून काहून मोजतं? जमिनीपासून मोज!" कठडा मागून बांधलेला. जमिनीपासून ६१ फूट ६ इंच. भागिले नऊ. ६ फूट १० इंच.

गुणिले चौदा, ९५ फूट ८ इंच. बोअर म्हणतं ९७. वीस पावलांत खडक तेवढा उतरतोच. एकही खडा हललेला नाही.

मग दोराने स्वतः खाली उतरलो. वर बांधकाम आहे, पण खालच्या खडकात खुंट्यांची भोकं शाबूत आहेत. घोटाभर पाण्यात उभा राहून हात वर केले, टाचा न उचलता. माझी बोटं खालून पहिल्या भोकाला चार बोटं कमी पडली. कॉलेजात गेल्यापासून मी स्वतःला बाबांपेक्षा उंच समजत होतो. भोकावर हात पोचत नाही म्हणून तिथेच रडलो. वरून विचारलं, "काय झालं रे?" मी म्हणालो, "परस झाला."

वर आल्यावर बाबांची माफी मागितली. "माह्या खड्यावर शक घेतला तू," म्हणाले. थोड्या वेळाने, "पन येऊन मोजलं. बाकीचे मोजत बी नाई."

३० जून. होस्टेल
प्र. ४ सरांनी मान्य केलं. आलेखावर बोट ठेवून दोनदा "वाह" म्हणाले. मग पानाच्या तळाशी गेले. मी तळटीप दिली आहे: 'येथील १ परस = ६ फूट १० इंच. हा श्री. लहानू गणू मेश्राम, विहीर खोदणारे, यांचा परस आहे. खडे त्यांनी काढले आणि जपले.'

"यह क्या है? किसी छपी किताब का हवाला दो। नहीं तो लिखो 'स्थानीय माप', बस। परीक्षक हँसेंगे।"
सर वाईट नाहीत. त्यांना खरंच माझी काळजी आहे. म्हणाले, सोचकर बताओ. स्थानीय माप. दोन शब्द. त्यांत चूकही काही नाही.

२६ जुलै. गाव
टंकलेल्या चार प्रती घेऊन एका दिवसासाठी आलो. धानाची रोवणी चालू, फाट्यापासून सायकल खांद्यावर.

बाबांनी हात धुऊन पुसले, मग प्रत घेतली. इंग्रजी, आणि ते तर मराठीही वाचत नाहीत. "माह्यं नाव कुठं आहे म्हन्तं?"

दाखवलं. त्यांनी बोट ठेवलं. त्या बोटाखाली अख्खी ओळ झाकली गेली.
"बारीक लिहिलं."
"तळटीप आहे बाबा. पानाच्या तळाला बारीकच लिहितात."
"तळाले आहे का? मंग बरोबर आहे."

बराच वेळ बोट उचललं नाही. पंचक्रोशीत कुठल्याच विहिरीवर हे नाव नाही, आमच्याही नाही. मायने हाक मारली तेव्हा प्रत मिटून माझ्याकडे दिली आणि विचारलं, "तुहा साहेब राहू देईन का पन?"

मी म्हणालो, माहीत नाही. उद्या सकाळच्या छोट्या गाडीने, नॅरोगेजने, जातो. प्रती चारही तशाच आहेत, तळटिपेसकट.