मामंजींचे चार मार्क

३ ऑगस्ट, शनिवार

लातूरच्या नर्सिंग कॉलेजच्या शिवकन्या मॅडम आज नांदेडला आमच्या घरी आल्या. मॅडम कसली, पोरगीच! पीएचडी करून राहिली. विषय – बरं न होणाऱ्या माणसांचं दुखणं. डॉक्टर-नर्सना ते किती वाटतं आणि खुद्द पेशंटला किती, हे ताडून बघायचं. मी म्हटलं, बरंच होणार नाही तर अभ्यास कशाला? म्हणाली, "काकू, बरं करता येत नाही म्हणून काय दुखू द्यायचं?" पटलं. चहा बिनसाखरेचा घेते. गुणाची आहे.

तिनं मामंजींना विचारलं, "सर, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य." मामंजी म्हणजे अहमदपूरच्या शाळेतले जुने गणिताचे मास्तर. चष्मा पुसला, छताकडे बघितलं. "चार."

चारला साधी गोळी. डॉक्टरांनी तीच चालू ठेवली.

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

महादेवाला बेल वाहिला. कॅन्सर हाडात उतरलाय, कूस बदलताना मामंजी उशीचं टोक दातात धरतात – याला चार म्हणतात? विचारलं तर "ठीक आहे." देवाला म्हटलं, मला काही नको, त्यांना एक नीट झोप दे. सव्वा किलो पेढे बोलणार होते, पावशेर बोलले. खव्याचे भाव देवालाही ठाऊक असतील.

९ ऑगस्ट, नागपंचमी

चिरणं-तळणं बंद. दिंडं उकडली. मामंजींनी अर्धं खाल्लं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

१० ऑगस्ट, शनिवार

मामंजींचा जुना विद्यार्थी संगप्पा आला. देगलूरला आडत दुकान आहे त्याचं. अर्धापुरी केळी घेऊन आला – दोन डझन, सगळी एकदम पिकलेली! आता चार दिवस शिकरणच.

तेवढ्यात शिवकन्या आली. "किती, सर?" "चार."

संगप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन कपाळावर हात मारून घेतो! "आवो वहिनी, चार? सरांचे चार लई झाले! पहिल्या नंबरच्या पोराला सहा मिळायचे. सातवा मार्क कुणी बघितलाच न्हाई. मला तर वर्षभर दोन!"

शिवकन्येचा पेन थांबला. मग तिनं पिशवीतून चेहऱ्यांचा तक्ता काढला, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. "सर, यातलं तुमचं तोंड कोणतं?" मामंजी म्हणाले, "ही बालवाडी आहे का?"

हे मधेच बोलले, "दुखणं वाढलंच तर लातूरला भरती करू. तिथं सगळ्या सोयी आहेत."

मामंजी लगेच, "आज तीनच आहे."

१३ ऑगस्ट

शिकरण. हे म्हणाले, आता केळ्याचं नाव काढू नको. अजून पाच उरलीत.

मामंजींनी आज पूजेला बसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी.

१७ ऑगस्ट, शनिवार

शिवकन्या आज वैतागलीच. तक्ता बंद केला. "जाऊ द्या, सर. दुखण्याला नकोत. आमच्या उपचाराला मार्क द्या. पूर्ण दहा धरा आणि चूक असेल तिथं कापा."

कापा! मामंजी उशीला टेकून ताठ बसले. "झोप नाही – तीन गेले. कुशीला वळता येत नाही – दोन. पूजेला बसता येत नाही – दोन. आणि ती गोळी खडूसारखी लागते – एक. उरले दोन. नापास!"

काय तो आवाज! शेजारच्या उमादेवी गच्चीवरून विचारतात, कोण नापास झालं हो?

शिवकन्या हसली नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मॉर्फिन द्यायचं ठरलं. हे घाबरले – "नशेची गोळी ती! सवय लागली तर?"

"काका, ब्याऐंशीव्या वर्षी?"

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून आत गेले.

१९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

मामंजी भर दुपारी घोरले! टीव्हीवरची कथा बंद करून दारात बसून ऐकलं. पेढे आणले. पावशेर बोलले होते, अर्धा किलो आणले.

२१ ऑगस्ट

हे ऑफिसात होते. मामंजींनी हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, संगप्पाचे दोन बरोबरच होते. दुखण्याचे चार मात्र खोटे दिले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. खरे नऊ होते. पण नऊ म्हटलं असतं तर तुम्ही मला लातूरला नेलं असतं. मला इथूनच जायचंय."

मी म्हटलं, नेणार नाही.

यांना न विचारताच म्हटलं.