गयाबाईंचं दुसरं वाक्य

३ फेब्रु. ९९, बुध. शिरूर
वामकुक्षी बंद. आणीबाणीतसुद्धा माझ्या दुपारच्या झोपेला कुणी हात लावला नव्हता. हॉलंडच्या हानाबाईंनी ती तीन दिवसांत रद्द केली. विहिरींच्या पाण्याचा अभ्यास, मी दुभाष्या. बाई उभ्याउभ्या पाव खातात आणि थेट जीपमध्ये! वार्ताहर होतो तेव्हा निदान दुपार आपली असायची. संस्कृत शिकलो, पण या पातकाला प्रायश्चित्त कुठल्या ग्रंथात आहे ते आठवेना.

५ फेब्रु., शुक्र.
बैठक. पुण्याचे केळकर सर, पथकातले वडीलधारे, नकाशा दाखवत होते. बाई म्हणाल्या, यात तीन विहिरी चुकल्यात. सगळ्यांदेखत! सरांचे दोन विद्यार्थी टेबलाकडे बघत बसले. (चूक दोघांनाही महिनाभर ठाऊक. बोलणार कोण?) सर जेवायला आले नाहीत.
बाई मला : "मी नकाशा चुकलाय म्हटलं. सर नाही."
म्हटलं, "आमच्याकडे नकाशा आणि सर एकाच ताटात जेवतात."
संध्याकाळी सरांकडे गेलो. म्हणाले, "आधी मला एकट्याला विचारायचं होतं हो, एवढंच." बाईंना कळवलं. त्या उठून सरांच्या खोलीवर गेल्या, दोघांनी मिळून नकाशा दुरुस्त केला. हसण्याचे आवाज बाहेरपर्यंत. दोघांचंही इंग्रजी उत्तम, तरी मध्ये मी लागतोच. स्वतःवर खूश. अर्थात दोन्हीकडचं बोलणं जरा इस्त्री करूनच पोचवलं.

८ फेब्रु., सोम.
घोड नदीकाठच्या एका गावी. सरपंच आबांच्या ओसरीवर प्रश्नावली. गावच्या विहिरीवर पाणी कोण भरतं?
आबा : "समदं गाव. भेदभाव न्हाई आपल्याकडं."
गयाबाई खाली अंगणात उभ्या. बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या. त्यांनाही विचारलं.
"व्हय, समद्यांचीच हाय की. आमी आपलं नदीवरनं आणतो."
पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं... आबा बघत होते. आत ताटं मांडल्याचा आवाज. बाईंनी लिहून घेतलं : विहीर सर्वांची.
वांग्याचं भरीत, भाकरी, झकास. बाईंच्या डोळ्यांतून धारा, तरी तिसरी भाकरी मागितली. आबा : "आता ह्या आपल्या झाल्या!"

११ फेब्रु., गुरु.
शिरूर स्टँडवर गयाबाई भेटल्या, मेथीच्या जुड्या घेऊन.
"काय वो भाऊ, माझं लिवलं का बाईनं?"
"लिहिलं की."
"आन् नदीचं?"
"तेही."
"बरं झालं. उन्हाळ्यात लई लांब पडतं बगा. सुनंला आता दिवस गेल्यात." एक जुडी हातात कोंबली आणि गेल्या.
घरी भाजीचं कौतुक. मी दहीभातावर भागवलं.

१३ फेब्रु., शनि.
त्या गावाचा मसुदा हाती आला. शिफारस एका ओळीची : नवा हातपंप गावच्या विहिरीशेजारी घ्यावा, कारण विहीर सर्वांची आहे. म्हणजे आबांच्या दारासमोर.
बाकी दिवस छान गेला. सरांनी आज विद्यार्थ्यांना आधी बोलायला लावलं, आणि एक जण चक्क "सर, मला पटत नाही" म्हणाला! सरांनी चष्मा पुसला. बाईंनी त्याच्यापुढे बिस्किटांचा पुडा सरकवला. चांगलं पथक जमलंय.
सोमवारी मसुदा पक्का होणार. बाई नेहमीप्रमाणे विचारतील, कुणाला काही दुरुस्ती?
सांगितली तर त्या रागावतील याची काळजी नाही. चूक म्हणतील, खोडतील, पुढे जातील. आबा मात्र बोलायचे बंद होतील. वीस वर्षांचं येणंजाणं, तिथल्या निम्म्या बातम्या त्यांच्याच ओसरीवरच्या. तेही एक वेळ सोसेन.
काळजी वेगळीच आहे. ते दुसरं वाक्य मी नीट ऐकलं होतं, त्याचा अर्थही कळला होता. ते गिळलं, आणि त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. गयाबाईंनी विचारलं नसतं तर आजही वाटलं नसतं. अशी आणखी किती गिळली असतील, आठवायला बसलो तर एकही आठवत नाही.