दुकान चालू आहे

शिरूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय समृद्धी,

अनेक आशीर्वाद. रोज आपण फोनवर बोलतो, तरी आज पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू मला पुरतं बोलूच देत नाहीस. मी दुकानाचं काही सांगायला लागले की म्हणतेस, "राहू द्या आत्या, मी आले की बघते." कागदावर तुला मधे बोलता यायचं नाही. दहावी झालेली सासू आहे तुझी, अक्षर लागेल असं आहे. सासरे तुझे, मामा, समोर बैलाच्या तोंडावरच्या म्होरकीची वेणी घालत बसलेत आणि मी एवढं काय लिहितेय म्हणून चष्म्यावरून तीनदा बघून झालंय त्यांचं.

आधी बातमी सांगते. पोळ्याचा हंगाम पार पडला आणि चांगला पार पडला. तीस वर्षं आपण भाद्रपदातल्या पोळ्यावरच दुकान केलं. आपल्याकडचा पोळा झाला की झुली, घुंगरमाळा, गोंडे सगळं माळ्यावर टाकायचं आणि नंतर बैलगाडा शर्यतीवाल्यांची वाट बघत बसायचं. तूच पहिल्यांदा म्हणालीस, की विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणातल्या अमावास्येला असतो, तिकडच्या माणसाला मोबाईलवर आपलं दुकान दिसलं तर आपल्याला वर्षात दोन पोळे मिळतील. मामा हसले होते तेव्हा. यंदा दोन्ही पोळे आपल्या दुकानातून झाले. हिंगोली, वाशीम, यवतमाळ, जालना, कुठकुठली गावं लिहिली मी पार्सलवर. कुरिअरच्या ऑफिसातली सारिका म्हणाली, "मावशी, तुमची पार्सलं हलवली की घुंगरं वाजत्यात. साहेब दोनदा बाहेर येऊन बघून गेले, बैल आला का काय म्हणून."

हे सगळं तू माहेरी गेल्यावर झालं, आणि सरळ झालं नाही. मधली एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. ती आता सांगते.

तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तू ज्येष्ठात यवतला गेलीस. जाताना दुकानाचा मोबाईल गल्ल्यावर ठेवलास आणि मला चार गोष्टी सांगितल्यास. दुकानाचं नाव, पत्ता, नंबर सगळीकडे एकसारखा ठेवायचा. वेळ बदलली तर तिथंही बदलायची. आठवड्याला दोन खरे फोटो टाकायचे. आणि विचारलं त्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, मग तो घेवो न घेवो. मी मान हलवली. खरं सांगते, त्यातलं निम्मं मला कळलं नव्हतं. तू पंधरा दिवसांत येशील, तोवर कसंतरी रेटू, एवढंच डोक्यात होतं.

आषाढात एक दिवस फोन आला. नेवाशाकडचा माणूस होता, शर्यतीचे बैल घेऊन आपल्याच तालुक्यात आला होता. म्हणाला, "बाई, तुमच्याकडून मागं घुंगरमाळ नेली होती. आज शिरूरला यायचं होतं, पण मोबाईलच्या नकाशावर तुमचं दुकान कायमचं बंद दाखवतंय. म्हटलं म्हातारं माणूस गेलं का काय, म्हणून बायपासनंच पुढं आलो." मी म्हटलं, "न्हाई हो, म्हातारं माझ्यासमोर बसून चहा पितंय." तो हसला, मीही हसले आणि फोन ठेवला. मोबाईल उघडून बघितलं तर खरंच. आपल्या दुकानाच्या नावाखाली तांबड्या अक्षरात लिहिलेलं, कायमचं बंद. कुणी मुद्दाम केलं, की कुणाचं चुकून बोट लागलं, कुणास ठाऊक. त्या आठवड्यात फोन का कमी झालेत ते मला तेव्हा उमगलं. आणि श्रावणातला पोळा महिन्यावर आला होता.

त्या संध्याकाळी तुझा नेहमीसारखा फोन आला. "आत्या, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्या आईचा पाय अजून जमिनीला धड टेकत नव्हता, तुला तिथून उठवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्यातून एका माणसाचा फोन आला. अशांना वास कसा लागतो देव जाणे. म्हणाला, मॅडम, आम्ही तुमचं दुकान पहिल्या नंबरवर आणतो, महिन्याचे एवढे द्या, वर गिऱ्हाइकांच्या नावानं शंभर चांगले शेरेही टाकून देतो. मी विचारलं, शेरे कोण लिहिणार? तर म्हणे आमची माणसं. मी विचारलं, त्यांच्याकडे बैल आहेत का? मी फोन ठेवला. तुझं एक वाक्य माझ्या लक्षात होतं, की खोटा शेरा एकदा उघडा पडला की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मग मोबाईल घेऊन सारिकाकडे गेले. तिनं नकाशावाल्यांचा इंग्रजीतला मेसेज वाचून सांगितला. दुकान आपलं आहे आणि चालू आहे, हे व्हिडिओ काढून दाखवायचं. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आणि कुलूप आपल्या हातानं उघडून आत गेलेलं दिसलं पाहिजे, सगळं एका दमात, मधे न तोडता. पहिल्या दिवशी मी काढला तो परत आला. सारिकानं बघितला तर निम्म्या व्हिडिओत माझा अंगठा होता. दुसरा काढला तेव्हा ऐन कुलपापाशी किल्ली अडकली आणि मी किल्लीला जे बोलले ते सगळं रेकॉर्ड झालं. तो मी पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी कुलपात तेल घातलं, पदर खोचला आणि पार चौकातून चालत आले. शेजारचे बबनराव चहाची किटली घेऊन उभे होते. म्हणाले, "सिंधूवहिनी, रील काढताय व्हय?" मी म्हटलं, बाजूला व्हा, पाटी झाकतेय तुमच्यानं. कुलूप उघडलं, दिवा लावला, भिंतीवरच्या झुली दाखवल्या, मामांची रंगीत सुतं दाखवली, आणि पाचव्या दिवशी तांबडी अक्षरं गेली. मी मामांना दाखवलं. ते म्हणाले, "मला आधीच ठावं हुतं दुकान चालू हाय." पण दिवसभर गिऱ्हाइकांना तेच सांगत होते, आमच्या हिनं नकाशा दुरुस्त केला म्हणून.

एकदा जमलं म्हटल्यावर भीती मोडली. वेळ लिहिली, बाजाराच्या दिवशीची वेगळी लिहिली. जुने अंधारे फोटो काढून टाकले आणि सकाळच्या उन्हात दारात झूल पसरून नवे काढले. कोणत्या फोटोवर माणसं थांबतात तेही ध्यानात यायला लागलं. नुसती झूल ठेवली तर कोणी बघत नाही, बैलाच्या पाठीवर घातली की विचारणा येते. म्हणून आता नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते, घरी गेल्यावर बैलाचा एक फोटो पाठवा, तुमच्या नावानं लावते. बैलाचा फोटो मागितला की माणसं एवढी खूश होतात, पोराचा मागितला तर होणार नाहीत.

जालन्याच्या एका माणसानं मात्र मोबाईलवर आपल्या दुकानाला पाचातली एकच चांदणी दिली. त्याच्या माळेतल्या दोन घुंगरांत खडाच नव्हता, मुकी होती ती. त्यानं जरा कडू लिहिलं होतं. मामा म्हणाले, "त्यानंच काढली आसतील, लिही त्याला." मी लिहिलं, पण वेगळं लिहिलं. चूक आमची आहे, माळ बांधताना प्रत्येक घुंगरू वाजवून बघायला हवं होतं, नवी माळ आजच पाठवली आहे, जुनी परत पाठवू नका. त्यानं आपली चांदणी काही वाढवली नाही, आजही एकच आहे. पण पुढच्या आठवड्यात परभणीहून एकाचा फोन आला, त्यानं बारा जोड्यांचा साज मागवला. मी विचारलं, आमचं नाव कसं कळलं? म्हणाला, तुमचे चांगले शेरे मी वाचलेच नाहीत, वाईट शोधला, आणि त्याखालचं तुमचं उत्तर वाचून फोन लावला. आता मामा प्रत्येक घुंगरू कानाशी धरून वाजवतात. बैल झोपेल एवढा वेळ लावतात, पण वाजवतात.

आणि गणपतीच्या आधी मी व्हिडिओत बोलले. होय, मी. तू वर्षभर मागं लागली होतीस, मामा नाही तर तुम्ही तरी दोन शब्द बोला, लोकांना माणूस दिसू द्या. मी तोंडाला पदर लावून आत जायचे. या वेळी मोबाईल मापाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्होरकीचं माप कसं घ्यायचं ते सांगितलं. शिंगाच्या मुळापासून नाकपुडीच्या वर चार बोटांपर्यंत सुतळी धरा, घट्ट ओढू नका, त्याला चघळता आलं पाहिजे. गाणं लावलं नाही. शेवटी फक्त माळ हलवून दाखवली. पार बेळगावकडून विचारणा आल्या, आणि लोक आता माप चुकवत नाहीत, त्यामुळं परत येणारा मालही थांबला.

तो व्हिडिओ टाकताना मला दुसरा एक आठवला. आपल्या सत्यजीतला जाऊन सहा महिने झाले होते. तू नवी झूल अंगावर धरून दाखवत होतीस, आणि झुलीचा आरसा डोळ्यांवर चमकला म्हणून जराशी हसलीस. गल्लीतल्या कुणीतरी मला टोचून बोललं, आणि मी घरात येऊन तुला तो काढून टाकायला लावला. म्हटलं, लोक काय म्हणतील. तू तिथल्या तिथं पुसून टाकलास. त्यानंतर दुकानाच्या एकाही व्हिडिओत तुझा चेहरा आला नाही. फक्त हात यायचे. दोन वर्षं मी ते हात बघितले आणि मला काही वाटलं नाही. परवा ते सगळे व्हिडिओ एकामागून एक बघितले, तेव्हा वाटलं. माझा मुलगा गेला होता, पण तुझाही नवरा गेला होता, आणि हसू आलं म्हणजे तू त्याला विसरलीस असं नव्हतं. मी चुकले, समृद्धी. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

आता हे एवढं का लिहिलं ते सांगते. आषाढात तुझ्या आईला बघायला मी यवतला आले होते, नकाशाची भानगड व्हायच्या आधी. तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तुझ्या आईनं, सविताताईंनी, माझा हात धरला. पाटसच्या विश्वजीतच्या घरच्यांनी तुझ्यासाठी दोनदा लग्नाची विचारणा केली आणि दोन्ही वेळा तू एकच सांगितलंस म्हणे, आत्यांना दुकान जमायचं नाही, मामा थकलेत, मी कशी जाऊ. हे त्यांनी रडत रडत सांगितलं, आधी माझ्यापुढं म्हणायची हिंमत झाली नव्हती म्हणे. मी परतीच्या एसटीत शिरूर येईपर्यंत ठरवून टाकलं. म्हणून त्या आठवड्यात तुला नकाशाचं सांगितलं नाही, म्हणून कुलपाचा व्हिडिओ तीनदा काढला, म्हणून तू येते म्हणालीस की आईपाशीच रहा म्हटलं आणि हा अख्खा हंगाम तुझ्याशिवाय केला. आम्हाला जमतं, बाळा. हे मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. मोबाईल उघड आणि तूच बघ. विश्वजीत कसा आहे ते मला माहीत नाही. दोनदा भेट, विचारायचं ते सगळं विचार, आणि नाही पटला तर सरळ नाही म्हण, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पण नकार त्याच्यातलं काही बघून दे, आमचं नाव पुढं करून देऊ नकोस. हे सगळं मी आत्ता मामांना वाचून दाखवलं. वेणी घालता घालताच ते म्हणाले, "तिला इचार, ठरलंच तर मांडवात पोरीच्या बाजूला आम्ही बसलो तर चालंल का." त्यांना उत्तर हवंय. सवडीनं कळव.

तुझीच,
आत्या