बंबात गेलेल्या पाच वह्या

मी, नवसाबाई गोटीराम विधाते, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा आधी फुलांचा व आता खोकल्याचा, राहणार मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र आज बुधवारी माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. मला भुलवणारा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटले, "बुधवार, आणि तुमच्या शर्टाचं बटन चुकीच्या काजात गेलंय." त्यांनी लगेच सही केली.

वकील म्हणाले, टाईप करून देतो. मी नको म्हटले. शाळा दुसरीपर्यंत झाली आहे, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे आहे. पण टाईप केले की वकील चांगल्या शब्दांत माझी लाज झाकून टाकतील, आणि हे लिहायचे कारण तीच आहे.

कलम पहिले. शेवंतीचे रान व विहिरीतला वाटा मुलगा बहिरू याला. तो गरीब आहे, म्हणजे स्वभावाने. विहिरीची मोटर त्याने चुलतभावांना उसनी देऊ नये. परत येते ती जळून येते.

कलम दुसरे. दीर नाथा याने दरसाल थोडा थोडा बांध सरकवून माझ्या दोन सऱ्या खाल्ल्या. त्याला बांधावरची बाभूळ, काट्यांसकट, राजीखुशीने देत आहे.

कलम तिसरे. फुलबाजारातला पितळी तराजू शेजारीण झुंबरबाईला द्यायचा होता, पण वकील म्हणाले की साक्षीदाराला काही देऊ नये. हे तिला कळले तर ती साक्षीला यायची नाही, म्हणून आतला मजकूर तिला वाचू दिलेला नाही. तराजू बहिरूने ठेवावा.

कलम चौथे. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. मालकांनी ते डावाला लावायच्या आत सासऱ्यांनी माझ्या नावावर करून ठेवले. ते घर मी सून सिंधुबाई हिला, तिच्या एकटीच्या नावाने देत आहे. बहिरूने तोंड वाकडे करू नये. का, ते पुढे आहे.

कलम पाचवे. तांब्याचा बंब व पाच लोखंडी तारा. याला जागा जास्त लागेल.

नात मंजुषा ही बहिरू-सिंधूची मुलगी. गणित शिकली. पुण्याला एम.एस्सी. केली आणि १९९५ साली पीएच.डी.ला नाव घातले. तिचे काम तिने मला चुलीपाशी बसून समजावले होते. "आजी, एक गोल चकती घ्यायची. ती हवी तशी ताणायची, पण कुठं फाटायला नको, दुमडायला नको, एक जागा दुसरीवर यायला नको. मग ती जास्तीत जास्त किती ताणली जाईल, त्याची हद्द काढायची." मी म्हटले, "हे तर तुझी आय रोज परातीत करती. तिला कोण डिग्री देतंय?"

तिच्या गणितात एक आकडा असतो. तो त्यानेच गुणला की उणे एक येतो. त्याचे नावच 'आय'. म्हणाली, "तो खरा नसतो आजी, काल्पनिक असतो. पण त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही." ती सिंधूला आयच म्हणायची. मी म्हटले, "खरी आय ही बसलीय चुलीपुढं. हिच्यावाचून पण हलत नाही." तिघी हसलो. तिघी मिळून हसल्याचे मला आठवते ते तेवढेच.

आता आमचे मालक. त्यांना मटक्याचा नाद. नदीकाठचे रान त्यांनी आकड्यावर घालवले. मोतीबिंदू झाल्यावर छापील तक्ते मला वाचायला लावायचे. आधी निघणारा आकडा तो ओपन, नंतरचा तो क्लोज. इंग्रजीतले हे दोनच शब्द मला नजरेने ओळखता येतात. बाकीचे इंग्रजी म्हणजे मुंग्यांची रांग.

१९९८ च्या जानेवारीत मंजू कावीळ घेऊन घरी आली. सोबत पाच वह्या, तारेच्या बांधणीच्या. अडीच वर्षांचे काम. एका सकाळी ती झोपलेली असताना मी उशाशी पडलेली वही उचलली. उघडीच होती. ओपन. खाली क्लोज. पान उलटले, पुन्हा तेच, आणि मध्ये नुसते आकडे. मला वाटले, नातीत आजोबा उतरला. त्याच आठवड्यात दिंडोरीचे द्राक्षवाले तिला बघायला येणार होते. मुलगी काय करते म्हणून विचारले तर काय सांगू, आकडा लावते?

तिला उठवून विचारायचे. माझी जीभ गावाला माहीत आहे, कोणाला काही विचारायला ती कधी अडली नाही. त्या दिवशी विचारले नाही. पाचही वह्या गुंडाळून बंबात कोंबल्या. पाणी चांगले कढत झाले. त्याच पाण्याने मी मंजूला न्हाऊ घातले. वर विचारले, "बरं वाटतंय का गं?" ती म्हणाली, "आजी, लय बरं वाटतंय."

दुपारी वह्यांची शोधाशोध सुरू झाली. चार दिवसांमागे सिंधू चिडून म्हणाली होती, "लग्नाचं काढलं की ही वहीत तोंड घालती. एक दिवस चुलीत घालीन ती कागदं." घरातल्या सगळ्यांनी ते ऐकले होते. मंजू तिच्याकडे वळली. "आय, तू जाळल्या?"

सिंधूने माझ्याकडे पाहिले. बंबाची राख तिनेच काढली होती, आणि राखेत पाच तारांची वेटोळी निघाली होती. तिला कळले होते. मला कळले की तिला कळले आहे. आणि मी म्हटले, "अगं बोल की. पोरगी विचारतेय."

हे वाक्य माझे आहे. वह्या चुकून जाळल्या असे एक वेळ म्हणता येईल. हे चुकून म्हटले नाही.

सिंधू बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मंजू कावीळ अंगावर घेऊन पुण्याला निघून गेली. मग सिंधूने त्या तारा पुसून माझ्या हातात दिल्या. "आत्याबाई, नीट ठेवा. कुणाच्या पायात रुततील." त्यानंतर त्यावर एक शब्द नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पोरीदेखत उघडे पाडायचे नाही, असे तिने ठरवले. तिने माझी अब्रू राखली. मी तिची लेक जाऊ दिली.

मंजूने सगळे पहिल्यापासून मांडले. त्यात दीड वर्ष गेले. तोवर पोलंड देशातल्या कोणी तीच हद्द काढून छापली. जी गोष्ट तिच्या नावाने ओळखली गेली असती ती त्याच्या नावाने गेली. तिने दुसरा लहान तुकडा धरून २००१ साली डिग्री केली. आता पुण्यात शिकवते, तिचे लेख परदेशात छापतात. दिंडोरीवाले आलेच नाहीत, तेवढे एक बरे झाले. ती फोन करते. सिंधूने उचलला तर म्हणते, "आजीला द्या." द्या! जन्म दिलेल्या बाईला अहोजाहो. दर थंडीत स्वेटर येतो, तो मला. मी तो घालते. त्याची ऊब लागते, हेही लिहून ठेवते.

सहा वर्षे मी मनाला सांगत होते, वाईट केले पण पोरगी वाचवली. २००४ साली नाशिकच्या एका कॉलेजात तिचे भाषण झाले. मला पहिल्या रांगेत बसवले. तिने फळ्यावर मोठा गोल काढला आणि खाली लिहिले, ओपन. थोड्या वेळाने, क्लोज. दोनशे माणसे ते वहीत उतरवून घेत होती. त्यांतला एकही मटकेवाला नव्हता.

रिक्षात विचारले, "ते ओपन काय असतं गं?"

"काठ सोडून उरलेली चकती, आजी. काठाच्या कितीही जवळ जा, काठ त्यात येत नाही."

"आणि क्लोज?"

"क्लोज म्हणजे जवळचा. एका जातीच्या आकाराचं नाव आहे. का गं?"

"काही नाही. सहज."

तेव्हा सांगता आले असते. मांडीला मांडी लावून बसलो होतो. काठापर्यंत गेले आणि माघारी आले. तसे पुढेही पुष्कळदा. त्या दिवसापासून मी बंबाचे पाणी अंगावर घेतलेले नाही. लोकांना सांगते, गार पाण्याने हाडे टणक होतात. खोटे आहे. हाडे दुखतात.

बंब सिंधूला. तिने त्यात पाणी तापवावे किंवा मोडीत घालावा. तारा माझ्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहेत. त्या मंजुषाला. हे कलम माझ्या दहाव्याला, सिंधूला खुर्चीवर बसवून, सगळ्यांदेखत मोठ्याने वाचावे.

कलम सहावे. इथवर लिहून वकिलांना दाखवले. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "आजी, ज्याला द्यायचं तो तुमच्याआधी गेला तर?" रानाचे सांगितले, घराचे सांगितले. मग कलम पाचवे समोर आले. सिंधूला साखरेचा आजार आहे, यंदा दोनदा चक्कर येऊन पडली. ती आधी गेली तर खुर्चीवर कोणाला बसवणार?

मेल्यावर सांगणे हा भित्रेपणा आहे, हे मला माहीत होते. त्यात एवढे मोठे भोक आहे, हे वकिलामुळे कळले. म्हणून कलम पाचवे माझ्या मरणाची वाट न बघता येत्या रविवारी लागू होईल, आणि मीच वाचीन. मंजूला फोन केला. ती म्हणाली, "काय झालं आजी?" मी म्हटले, "काठापर्यंत आलेय." तिला वाटले, मरणाच्या. लगेच येते म्हणाली.

वरचे सगळे खरे आहे. खाडाखोड आहे ती अक्षराची आहे, मजकुराची नाही.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
तारीख: १५ नोव्हेंबर २००६

सही: नवसाबाई गोटीराम विधाते (अंगठा नाही, सही)

साक्षीदार:
१. झुंबरबाई काकड, शेजारीण
२. संतोष पिंगळे, दूध डेअरी

पुरवणी

रविवारी कलम पाचवे मी मोठ्याने वाचले. सिंधूला खुर्चीवर बसवले होते. "अगं बोल की" या वाक्याशी ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. मी थांबले नाही, शेवटपर्यंत वाचले. मंजुषाने तारा हातात घेतल्या, एकेक करून सरळ करायला बघितल्या, झाल्या नाहीत, परत पेटीत ठेवल्या. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. मग ऐकू आले, "आय, तुझ्या चहात साखर घालू नको."

'तुझ्या' म्हणाली. माझे कान शाबूत आहेत. त्याला दाखला नको.

माझा चहा सिंधूने आणून दिला. मंजुषा माझ्याशी अजून बोललेली नाही. ते बरोबर आहे. त्यात कोणी मध्ये पडू नये, ही माझी शेवटची इच्छा समजावी.

मखमलाबाद, १९ नोव्हेंबर २००६
सही: नवसाबाई गोटीराम विधाते
साक्षीदार: तेच