माझ्या वाट्याची अर्धी भिंत

मी, या जोडघराच्या डाव्या भागाची मालकीण, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, जन्मभर नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेली, हे मृत्युपत्र कोणीही न सुचवता लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजीवांकडे असा दाखला कोणी मागत नाही, हे त्यांचं नशीब.

१. माझं राहतं घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावं. त्याची लायकी आहे म्हणून नव्हे. त्याच्या वडिलांची तशी इच्छा होती, आणि माणसं ओळखण्यात ते कायम चुकत. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे परस. चिरंजीव याला हल्ली 'स्पेस' म्हणतात.

२. ही स्पेस आजच्या काळातल्या कुटुंबाला पुरत नाही, असं चिरंजीव व सूनबाई यांना आढळून आलं आहे. त्यासाठी आर्किटेक्ट आणला गेला. तो भिंतींवर टिचक्या मारत फिरला आणि मला म्हणाला, "आजी, हे घर श्वासच घेत नाहीये." मी म्हटलं, "बाबा रे, घराने श्वास घेतला तर आपण सगळे रस्त्यावर पळू." त्याला विनोद कळला नाही. त्याच्या नकाशात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंत जाते, तिच्या जागी वरच्या मजल्याचा भार पेलायला लोखंडी तुळई येते, परसात काचेची खोली येते आणि मधोमध एक सुटा ओटा बसतो, त्याला आयलंड म्हणायचं. दोघं कामावरून इतकी दमून येतात की जेवण बाहेरून मागवतात. या बेटावर पार्सलं तेवढी उतरतील.

३. नातीस माझ्या खोलीचं दार, चौकट, बिजागऱ्या आणि कडीसकट. नव्या नकाशात खाली एकही दार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला धाडकन आपटायला एक दार लागतं. ते कुठे बसवायचं हे तिच्या बापाने बघावं.

४. पाणसळ, ओळंबा, ड्रिल आणि पान्हे मागेल त्या सुताराला द्यावेत. चिरंजीवांना हात लावू देऊ नये. त्यांनी आयुष्यात एकच फोटो टांगला; त्यात त्यांचे वडील आजतागायत उतारावर उभे आहेत.

५. आता भिंत. घराच्या उजव्या भागात माझी धाकटी जाऊ राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही. वाटणीत सकाळचं ऊन तिच्या बाजूला गेलं आणि ही बाई दिवसभर पडदे ओढून बसते. हे मी तिला माफ केलेलं नाही. तिचा खोकला, तिचा रेडिओ, भांड्यांची आदळआपट, सगळं मला भिंतीतून ऐकू येतं. मला तिच्याबद्दल जे वाटतं ते मीही भिंत ठोकून कळवत असते.

गेल्या महिन्यात चिरंजीव स्वयंपाकघरात उभे राहून आर्किटेक्टला म्हणाले, "लोखंडी तुळई काकूच्या भिंतीतच अडकवा. काकू काय, आज आहे, उद्या नाही. तिला एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू. मग भिंत पाडून दोन्ही बाजू एक."

पलीकडचा रेडिओ बंद झाला. मी भिंत ठोकली. "काय गं, गेलीस की काय?"

"नाही हो ताई. कपाट आवरतेय. तिथे सामान किती नेऊ देतात हो?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी बावळट बाई दुसरी नसेल. कोणी हाकलायच्या आधीच पिशवी भरायला घेते!

सबब, सदर समाईक भिंतीची माझ्या बाजूची अर्धी जाडी, पायापासून छपरापर्यंत, गिलाव्यासह, मी माझ्या धाकट्या जावेस देत आहे. तिच्या लेखी परवानगीशिवाय त्या भिंतीत तुळई, पाइप किंवा साधा खिळाही जाणार नाही. तुळई नाही म्हणजे बेटही नाही.

वकील म्हणाले, "बाई, अर्धी भिंत कोणी देतं का? मुलगा कोर्टात जाईल."

मी म्हटलं, "जाऊ द्या की. कोर्टाला कसली घाई आहे? निकाल लागेपर्यंत तिचं आयुष्य स्वतःच्या घरात निघून जाईल."

साक्षीदार:

पहिली: ~~धाकटी जाऊ~~

खोडण्याचं कारण: साक्षीसाठी मी भिंत ठोकून तिलाच बोलावलं होतं. वकिलांनी तिला अडवलं. ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष द्यायची नसते म्हणे. "मला काय मिळतंय?" तिने विचारलं. वकिलांनी कलम वाचून दाखवलं. तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "पलीकडे तुम्हीच नसाल, तर ती भिंत घेऊन मी काय करू, ताई?"

या बाईला स्वतःचा फायदा कधी कळलाच नाही. कलम पाच आहे तसंच राहील. मला रडू आलं. वकिलांनी ते पाहिलं, म्हणून इथे नोंदवते. त्यावर कोणी हक्क सांगू नये.

तिच्याऐवजी साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही)
समोरचा इस्त्रीवाला (सही)

लिहून ठेवणार: थोरली जाऊ (सही)
स्थळ: राहतं घर
दिनांक: अकरा फेब्रुवारी